सातव्या थराची माती

पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, लवळ्याच्या आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये वडे परातीत ढीग करून ठेवलेले असत. ओव्हाळ सर बशी पुढे करायचे आणि काउंटरवरच्या काकांना अत्यंत गंभीरपणे विचारायचे, "हा कोणत्या थरातला?" वरचा असेल तर आत्ताच्या घाण्यातला आणि तळाचा असेल तर सकाळी आठचा, हे काकांच्या लक्षात यायला दोन महिने गेले. नंतर मात्र सर दारात दिसले की काकाच ओरडायचे, "या सर, वरचा थर आत्ताच काढलाय!"

हा प्रश्न ते कुणालाही लावत. उशिरा आलेल्या विद्यार्थ्यानं रिक्षा मिळाली नाही म्हणून सांगितलं की, "ही सबब कोणत्या थरातली? पहिल्या वर्षीही हीच होती." प्राचार्यांचं भाषण संपलं की माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "यात नवा थर नाही, बाई. सगळं मागच्या वर्षीचं." मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होते. बाकी सगळे मला मॅडम म्हणत, सर एकटे 'बाई' म्हणत. बाई म्हटलं की हातात खडू घेऊन उभं राहिल्यासारखं वाटतं, असं मी त्यांना दोनदा सांगूनही पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

ते शिकवायचे पर्यावरण. मॅनेजमेंटच्या मुलांना सक्तीचा असलेला, ज्यात पास व्हायला फक्त हजर राहावं लागतं, तो विषय. त्यांचा खरा अभ्यास मात्र शिंपल्यांचा होता. लाखो वर्षं मातीत दबून दगड झालेल्या शिंपल्यांवरून तेव्हाचा समुद्र किती ऊबदार होता, हे शोधायचं. त्यांच्या पीएचडीचा प्रबंध माझ्या ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात होता. माझ्या नऊ वर्षांत तो फक्त एकानं वाचायला नेला. ती मी.

मला त्यातलं निम्मं कळलं. उरलेलं निम्मं एका डब्यामुळे कळलं. आमच्याकडे मालवणच्या एक मॅडम होत्या, त्यांनी एकदा तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, कालवण आणलं. स्टाफरूममध्ये सगळे तुटून पडले. सरांनी एक तिसरी उचलली, चोखली, रुमालानं पुसली आणि खिडकीशी उजेडात धरली. "हिच्या पाठीवर रेघा दिसतात ना? जगणं अवघड झालं की वाढ थांबते, तिथं रेघ पडते. दोन रेघांत अंतर जास्त म्हणजे दिवस बरे गेले. ही बिचारी पहिल्या वर्षी खाऊनपिऊन सुखी होती. मग काहीतरी झालं." मग त्यांनी प्रत्येकाच्या ताटातल्या शिंपल्या मागायला सुरुवात केली. हिचं बालपण वाईट गेलं, हिला मध्येच भरपूर खायला मिळालं. पाचव्या चरित्रानंतर मालवणच्या मॅडमनी डब्याला झाकण लावलं आणि पुन्हा कधी कालवण आणलं नाही.

एका शिंपल्यावरून एका समुद्राची दोनचार वर्षं कळतात. हजारो-लाखो वर्षांत समुद्र कसा बदलला हे कळायचं असेल तर शिंपले थराथरातून, क्रमानं यायला हवेत. सरांना असे थर कच्छमध्ये सापडले होते. विद्यार्थी असताना पाच हिवाळे ते तिथं एका कोरड्या ओढ्याच्या काठावर तंबू टाकून राहिले. त्या काठात सात थर होते, कपाटात साड्यांच्या घड्या असाव्यात तसे एकावर एक. सगळ्यांत खालचा पहिला, सगळ्यांत वरचा सातवा. खालच्या सहांत शिंपले जाडजूड, तळहाताएवढे. सातव्यात ते एकाएकी पातळ आणि लहान होत होते. सरांचं म्हणणं असं की समुद्र तापला तो सहाव्या आणि सातव्या थराच्या मध्ये. ते सिद्ध करायला शिंपल्याची पूड एका मोठ्या यंत्रात घालून पाहावी लागते. तसं यंत्र आपल्या देशात फार ठिकाणी नाही, आणि लवळ्यात तर झेरॉक्सचं यंत्रसुद्धा आठवड्यातून तीन दिवस बंद असायचं.

तर हा माणूस मुळशीत काय करत होता?

हे एका मुलीनं त्यांना विचारलंही होतं. दर वर्षी सर मुलांना ताम्हिणीच्या रस्त्याला नेत, तिथं डोंगर कापलेल्या जागी उभं करून दगड दाखवत. काळा पट्टा, मध्ये तांबडा, वर पुन्हा काळा. "काळा म्हणजे लाव्हा. तांबडा म्हणजे दोन लाव्ह्यांमधली सुट्टी. तेवढ्या वेळात वरच्या दगडाची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली." त्या वर्षी मुलं सेल्फी काढत होती. मी सोबत होते, कारण मुलींबरोबर एक बाईमाणूस लागतं असा कॉलेजचा नियम होता.

"सर, इधर फॉसिल मिलेगा क्या? रील बनवायचीय," एकानं विचारलं.

"इथं जन्मभर हातोडी मारलीस तरी शिंपला मिळणार नाही. उकळत्या लाव्ह्यात कोण घर बांधणार? अख्ख्या मुळशीत नाही, पुण्यात नाही."

तेव्हा मागची एक मुलगी अगदी सरळपणे म्हणाली, "पण सर, मग तुम्ही इथे काय करताय? आय मीन, तुमचं सगळं काम तर फॉसिल्सवर आहे ना?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "साडेतीन झाले. चला, बसमध्ये बसा," म्हणाले.

त्या प्रश्नाचं उत्तर मुळशी गावात, धरणाच्या कडेच्या त्यांच्या घरात होतं. तिथं त्यांची आई होती. वडील आधीच गेलेले, बहीण लग्न होऊन लांब. आई भाताच्या खाचरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा सर दोन महिन्यांसाठी म्हणून आले. मग हाड जुळलं पण पाय आखूड झाला. मग साखर निघाली. मग जवळच्या कॉलेजात तात्पुरती जागा निघाली. ती अकरा महिन्यांची असायची. दर जूनमध्ये ते स्वतःच्याच खुर्चीसाठी मुलाखतीला जात आणि समोर बसलेले, ज्यांच्याबरोबर ते काल वडा खात होते तेच लोक, त्यांना विचारत, "स्वतःबद्दल थोडं सांगा." अशा बारा मुलाखती झाल्या.

साडेचार वाजले की ते मोटारसायकलला किक मारत. आई त्यांच्याशिवाय गोळी घ्यायची नाही. नातेवाईक, शेजारी, नर्स, कुणाच्या हातून नाही. परिषदेला जायचं नाही, मुक्कामाला जायचं नाही, साडेपाचनंतरची कोणतीही गोष्ट त्यांच्यासाठी नव्हती. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला धरणाचं पाणी बघून "काय सुंदर जागा आहे हो," असं म्हणून गेले. सर म्हणाले, "हो. रिसॉर्टवाले पण असंच म्हणतात. रविवारी संध्याकाळी परत जाताना."

मला राग यायचा. मी जवळच्याच चांदे गावची, आमच्या घरानं जमीन विकून खोल्या बांधल्या. वरच्या मजल्यावरचे आयटीतले भाडेकरू दर वर्षी बदलतात, कुणी बंगळूरला, कुणी कॅनडाला, आणि मी जिन्यात उभी राहून त्यांना अच्छा करते. निदान हा एक हुशार माणूस तरी इथून सुटावा असं मला फार वाटायचं. खरं म्हणजे ते मला स्वतःसाठी वाटत असणार, पण ते तेव्हा कुठे कळत होतं.

आता सरांच्या आकडे घालण्याच्या सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

ओव्हाळ सरांच्या प्रत्येक वस्तूवर आकडा होता. छत्रीच्या दांड्यावर, डब्याच्या झाकणावर, चष्म्याच्या घरावर. आधी व्हाइटनरचा ठिपका, त्यावर काळ्या शाईनं मुंगीएवढा आकडा. नखावर व्हाइटनर कायमचा. ही सवय शिंपल्यांमुळे लागलेली. सुरुवातीला प्रत्येक शिंपल्याबरोबर ते कागदाची चिठ्ठी ठेवत: कुठला थर, कितवा नमुना. मुळशीत पाऊस चार महिने हटत नाही. दोन पावसाळ्यांत चिठ्ठ्यांना बुरशी आली, कडा झुरळांनी कुरतडल्या. तेव्हा सरांनी ठरवलं, कागदावर विश्वास ठेवायचा नाही. एक उन्हाळाभर बसून त्यांनी सगळ्या शिंपल्यांच्या पाठीवर आकडे घातले आणि कुजक्या चिठ्ठ्या चुलीत टाकल्या. वहीत यादी होती, पण वही म्हणायची 'चार-सतरा, शिंपला'. चार-सतरा म्हणजे चौथ्या थरातला सतरावा; पण तो कोणता, ते शिंपल्याची पाठच सांगणार. प्रत्येकाचा फोटो काढून ठेवायचं त्यांच्या मनात होतं. ते राहून गेलं.

"आकडा गेला की शिंपला मुका," असं ते म्हणत. "मग तो शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचा."

पत्र आलं ते माझ्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर. दूरच्या एका संशोधन संस्थेत, जिथं ते यंत्र होतं, त्यांना दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. राहायला घर, आईला सोबत आणायची मुभा, आणि एकच अट: थरवार नमुने घेऊन या. सरांनी पत्र तीनदा वाचलं आणि माझ्याच टेबलाच्या खणात ठेवलं. घरी नेलं नाही. आठवडाभर रोज येऊन खण उघडून बघायचे, पत्र आहे ना.

"आईंना सांगितलंत?"

"ती येणार नाही, बाई. धरणाची कड सोडून ती पौडलासुद्धा मुक्काम करत नाही. आणि तिला टाकून मी जाणार नाही. मग सांगून काय करू?"

मी त्या रविवारी त्यांना न विचारता त्यांच्या घरी गेले. ते बाजाराला गेले होते. आई ओट्यावर पाय पसरून तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी जयभीम केला. त्यांनी चेहरा जवळ आणून मला ओळखलं. मोतीबिंदू पिकत आला होता.

मी सगळं सांगितलं. बारा वर्षं, अकरा महिन्यांची नोकरी, पत्र, यंत्र. माझा आवाज चढला असणार. आई निवडायच्या थांबल्या नाहीत.

"मला त्यो कायबी बोलला न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "मी कवा आडिवला का त्याला?"

"तुम्ही त्याच्याशिवाय गोळी घेत नाही, आई."

"त्ये... त्याला घरी यायला कायतरी नको का?" मग थोड्या वेळानं, "लई मोठी मान्सं आसत्यात का तितं?"

"फार मोठी. परदेशातले शास्त्रज्ञ येतात. तुमच्या बापूचे शिंपले एकेक करून भिंगाखाली घालून बघणार आहेत."

"भिंगाखाली?" त्यांचा हात थांबला. "मंजी समदं मोठं दिसनार?"

"हो. बारीकसारीक सगळं."

हे बोलले ते मी. पुढं काय झालं ते सांगताना मला हे वाक्य गाळता आलं असतं, पण गाळणार नाही.

त्याच संध्याकाळी आईंनी मुलाला सांगितलं, "जा तू. मी येती संगट. हितलं पानी काय पळून जात न्हाई." दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात आले ते मी कधी पाहिले नव्हते असे. शिपायाला चहा पाजला. प्राचार्यांना राजीनाम्याचा कागद दिला. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही घरी जाऊन नसता उद्योग केलात," आणि मान खाली घालून उभे राहिले. डोळे भरले होते. मला त्या दिवशी स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी घरी जाताना मिठाई घेतली.

पुढच्या शनिवारी शिंपले बांधायचे होते. सर कॉलेजातून थेट पुण्यात थर्मोकोल आणि खोके आणायला गेले. मी दुपारी मुळशीला पोचले, मदतीला म्हणून. अंगणात चादर अंथरली होती. तिच्यावर उन्हात सगळे शिंपले वाळत घातले होते, मोठे मोठ्यांत, बारके बारक्यांत, ओळीनं. स्वच्छ. इतके स्वच्छ की उन्हात डोळे दिपत होते. बाजूला सात थरांचे सात पत्र्याचे डबे रिकामे करून पालथे घातले होते. आई मोरीच्या कडेला बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत राखाडी, बोटं सोललेली. समोर चिंचेचा कोळ, राख आणि नारळाची शेंडी.

"या बाई, या," त्या म्हणाल्या. "तीन दीस झालं घासतीया. बापूला सांगितलं न्हाई, म्हनलं बगू दे एकदम. कसली घान व्हती ओ! आन परत्येकाच्या पाठीव पांढरा डाग. त्यो काय निगतुया व्हय! शेंडीनं रगडून रगडून काडला. आता घाला म्हनावं भिंगाखाली."

मी चादरीच्या कडेला बसले, एक शिंपला उचलला, उलटा केला. पाठ कोरी. दुसरा. कोरी. मी किती उचलले आठवत नाही. आईंना वाटलं मी कौतुकानं बघतेय.

मोटारसायकल आली. सर मागच्या सीटवर खोके बांधून आले होते, उतरता उतरता त्यांनी अंगणाकडे पाहिलं. हेल्मेट काढलं नाही. हेल्मेट घालूनच ते चादरीपर्यंत आले, खाली वाकले, एक शिंपला हातात घेतला. काचेमागे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. आई मोरीच्या कडेला धरून उठल्या, सोललेले हात पदराला पुसत उभ्या राहिल्या.

"कसं झालंया?"

सरांनी हेल्मेट काढायला बराच वेळ घेतला.

"लई भारी झालंय आये," ते म्हणाले. "लई मेहनत केलीस गं."

त्यांनी सोमवारी संस्थेला खरं तेच कळवलं आणि कॉलेजात 'घरगुती अडचण' असं लिहून राजीनामा मागे घेतला. मी म्हटलं, पुन्हा कच्छला जा, पुन्हा गोळा करा. ते म्हणाले, "तिथं आता खाण झालीय. तो काठ ट्रकांतून गेला, बाई. सातही थर." मी म्हटलं, लहान शिंपले सातव्या थराचे असणारच ना, तेवढे तरी वेगळे काढा. त्यावर मात्र ते माझ्यावर चिडले. "पिल्लं सगळ्या थरांत असतात. लहान ते सातव्यातले असं आधीच धरलं, तर मग सिद्ध काय करायचं? यंत्र एवढंच सांगेल की कधीतरी समुद्र तापला होता. कधी, ते नाही सांगणार." मी आईंना काय बोलले होते, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तिला कधी कळू देऊ नका."

आईंना कळलं नाही. त्यांना वेगळंच वाटत राहिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगायच्या, "येवढं घासून-पुसून दिलं, मी बी बोचकं बांदून बसली, तरी ह्यो गेला न्हाई. घरकोंबडा हाय." शेजारी हसायचे. सरही हसायचे. त्यांनी पौडहून काचेचं कपाट करून आणलं आणि चकचकीत शिंपले त्यात मांडले, कारण आईंची तशी इच्छा होती. रिसॉर्टकडे जाणारे लोक पाणी मागायला थांबले की त्या काठी टेकत त्यांना आत नेऊन ते कपाट दाखवायच्या.

काही महिन्यांनी संस्थेचं दुसरं पत्र आलं. तिथल्या कुणा भल्या माणसानं लिहिलं होतं, शिंपल्याच्या बिजागरीच्या खाचेत थरातली मूळ माती अडकून राहते. प्रत्येक थराची माती वेगळी. सात थरांचा एकेक शिंपला, खाचेतली माती न हलवता आणलात, तर तेवढ्यावर काम सुरू करू. जागा वर्षभर राखून ठेवतो. माती खरवडून पुडीत चालणार नाही, कारण पुडीतली माती कुठली हे पुन्हा फक्त तुमच्या शब्दावर.

सर कामाला लागले. दर रविवारी कपाटातला एकेक शिंपला भिंगाखाली. चिंच आणि शेंडी जिथं पोचली नाही अशी खाच शोधायची. करड्या चिकणमातीचा मिळाला, हिरवटाचा मिळाला, विटकरीचा मिळाला. सापडला की ते कापसात गुंडाळून सोमवारी माझ्याकडे आणत आणि मी तो ग्रंथालयाच्या कुलपाच्या कपाटात ठेवी, कारण घरी तो सुरक्षित नव्हता. दहा महिन्यांत सहा झाले. सातव्याची माती भुसभुशीत, पिवळी, रेतीची. पहिल्या पाण्यातच गेली असणार, असं ते म्हणायचे, आणि तरी रविवारी पुन्हा बसायचे. सहांवर भागणार नव्हतं. समुद्र तापला होता तो सातव्यात.

त्याच उन्हाळ्यात माझी नोकरी सुटली. ग्रंथालय कॉम्प्युटरवर गेलं आणि मी चांद्याला, खोल्यांचं बघायला. कपाटाची किल्ली परत देण्याआधी मी ते सहा शिंपले एका डब्यात घालून रविवारी मुळशीला घेऊन गेले.

सर ओट्यावर बसले होते, डोळ्याला भिंग. मला पाहून उठले नाहीत. हात वर करून 'थांबा' अशी खूण केली. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि बोटभर लांबीचा एक पातळ शिंपला माझ्यासमोर धरला.

"बघा."

खाचेत पिवळं काहीतरी होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. रेतीचे कण चमकत होते.

"सातवा," सर म्हणाले. "बाई, सातवा! खाचेच्या आत, कोपऱ्यात. तुमच्या डब्यात सहा ना? झाले. सगळे झाले." ते हसत होते, आणि एकदम मला दिसलं की हा माणूस कच्छच्या त्या ओढ्यावर तंबूत राहायचा तेव्हा असा दिसत असणार.

आई काठी टेकत बाहेर आल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या डोळ्यानं आता त्यांना पूर्वीपेक्षा बरं दिसायचं.

"काय रं, येवढं हसाया काय झालं? बगू." त्यांनी वाकून पाहिलं. "आगं बया! ह्याच्या फटीत माती ऱ्हायली की. दे हिकडं."

"ऱ्हाऊ दे आये. ह्यो आसाच चांगला दिसतोय."

आई वाकलेल्याच राहिल्या. आधी शिंपल्याकडे बघितलं, मग आत कपाटाकडे, मग मुलाच्या तोंडाकडे. कपाटातले शिंपले दुपारच्या उन्हात चमकत होते.

"आसाच चांगला?" त्या हळू म्हणाल्या. "मग बाकीची घासली ती..." पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. "बापू, म्या बिगाडली व्हय रं ती? म्हनून गेला न्हाईस तू?"

मी सरांकडे बघत होते. मनात म्हणत होते, सांगा. एकदा सांगून टाका आणि जा इथून. तो शिंपला त्यांच्या मुठीत होता.

"न्हाई गं," सर म्हणाले. "काय बी बिगाडलं न्हाई. ह्यो येकच ऱ्हायला व्हता घासायचा. घे."

आणि त्यांनी तो आईंच्या तळहातावर ठेवला. आईंचा चेहरा निवळला. "मंग आसं बोल की," म्हणून त्या काठी टेकत मोरीकडे गेल्या. पाण्याचा आवाज आला, मग शेंडीचा. सर माझ्याकडे न बघता भिंग पुसत होते. पुसून झाल्यावर ते त्यांनी डबीत घातलं आणि मला विचारलं, "चहा घेणार ना?"